अक्काची बोटं आणि माझं मनगट

अगं थांब, फोन ठेवू नकोस, ऐक. गाडी लागते म्हणून सख्ख्या मैत्रिणीचं लग्न बुडवलंस? शहाणीच आहेस! माझ्यासारखं व्हायचंय का तुला?

मी किती वर्षं माझ्या थोरल्या बहिणीला डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, ठाऊक आहे? ताई मडिकेरीला, डोंगरात, लेकाकडे. तिथं रेल्वे जात नाही. आणि कुशालनगरच्या पुढे रस्ता असा वळायला लागतो की पोटात काही म्हणून राहत नाही. गोळी घेतली तर मी दिवसभर गुंगीत. गाडी तिलाही लागते, आमच्या माहेरचीच देणगी ती. वर तिचे गुडघे दुखरे. "आता फोटोलाच नमस्कार कर माझ्या," असं ती फोनवर म्हणाली. हसत म्हणाली खरी, पण मी फोन ठेवला आणि गॅसवर दूध आहे हेच विसरले.

खालच्या मजल्यावरच्या अक्कांना हे सांगितलं. त्या इथल्या बसवनगुडीतल्या पार्कात ॲक्युप्रेशर शिकायला जातात, चिनी वैद्यकातलं. त्यांनी माझा हात ओढला, मनगटाच्या रेषेवर स्वतःची तीन बोटं आडवी ठेवली आणि त्यांच्या पलीकडे, दोन शिरांच्या मधोमध अंगठा रोवला. "इथं दाबायचं. मळमळ बंद. सरी?"

"सरी!" म्हटलं मी, म्हणजे ठीक. आणि दुसऱ्याच दिवशी यांना गाडी काढायला लावली. हे आमचे रिटायर्ड इंजिनीअर, प्लॅस्टिकची पिशवी घेऊनच बसले. "चिनी माल आहे, गॅरंटी नाही," म्हणाले. केंगेरीपर्यंत, म्हणजे शहराच्या वेशीपर्यंत, मी दाब दाब दाबलं. केंगेरीला पिशवी लागली, गाडी तिथूनच मागे वळली.

मी चिडून अक्कांकडे गेले, तर त्या वर्गात विचारून आल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. माप ज्याच्या हातावर, बोटं त्याचीच हवीत! अक्का साडेपाच फुटांच्या, बोटं मुळ्यासारखी. माझी आपली भेंडीएवढी. मी माझी तीन बोटं ठेवून पाहिली तर जागा केवढी तरी खाली सरकली, नेमकी बांगड्यांखाली!

"मग काढा की," अक्का म्हणाल्या.

हे धडधाकट असताना मी मोकळ्या हातानं प्रवासाला निघू? मी बांगड्या सरकवत सरकवत कोपरापाशी नेल्या. तिथं घट्ट बसल्या. जागा मोकळी झाली. "स्वल्प जोरात," अक्का म्हणाल्या. दाबलं, तर हातात कशी बारीकशी कळ गेली! तेव्हाच मला वाटलं, हीच ती.

आणि निघालो बाई! पुढच्या सीटवर मी, अंगठा मनगटावर, नजर रस्त्यावर. म्हैसूर गेलं, कुशालनगर गेलं, घाट लागला. मी यांना सारखी विचारतेय, "आलं का हो? आलं का?" एका वळणावर पोट ढवळलं, नाही म्हणत नाही. पण दाबून धरलं आणि बसलं! पिशवी घडीसकट तशीच राहिली. हे म्हणाले, "पुढे बसल्यामुळे असेल." असू दे. मी पोचले ना?

ताई दारातच उभी. माझ्या हाताकडे पाहून म्हणते, "बांगड्या वर चढवून आलीस? भांडायला आलीस का गं?"

"हो, भांडायलाच. गाडीत बस म्हणून!"

मग दोघी अशा रडलो की चहा गार झाला. संध्याकाळी मी तिचा हात मांडीवर घेतला, पण बोटं तिचीच ठेवायला लावली. चार दिवस तिनं तिथंच ओसरीवर बसून सराव केला, आणि पाचव्या दिवशी, गुडघ्याखाली उशी घेऊन, आमच्या गाडीत बसली! दोघी बहिणी मनगटं धरून घाट उतरलो. हे आरशातून बघून हसत होते.

ताई आता इथंच आहे, माझ्याकडे. सकाळी दोघींच्या गप्पांना ऊत येतो. तिचा लेक तिला न्यायला यायच्या आत तू ये गं. उद्याच नीघ, लवकर ये.