तीन लाल केस

शेठजींनी प्लास्टिकची छोटी पिशवी टेबलावरून माझ्याकडे सरकवली. आत तीन केस होते. लालसर, मेंदी लावल्यावर होतात तसे.

"वानखडे साहेब, काय आहे हे?"

"केस आहेत."

"ते मलाही दिसतंय. सूतगिरणीने पाठवलेत, आपल्या गाठीतून काढून. पुढच्या मालात एक जरी सापडला तर अख्खा ट्रक परत करतो म्हणतात. कोणाचे आहेत ते सांगा."

मी तेव्हा मलकापुरात एका जिनिंगमध्ये क्वालिटी सुपरवायझर होतो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायची आणि उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधायच्या. काम सोपं, वैताग असतो तो कचऱ्याचा. शेतातून आलेल्या कापसात सुतळी, पोत्याचे धागे, गुटख्याच्या पुड्या, काय वाट्टेल ते निघतं. ते हाताने निवडायला आमच्याकडे बावीस बाया होत्या. यात सगळ्यात चिवट माणसाचा केस. तो सुतात कातला जातो, पण रंग धरत नाही. मग रंगवलेल्या कापडावर नेमकी एक रेघ उमटते.

म्हणून नियम होता की आत येणाऱ्या प्रत्येकाने डोक्याला टोपी घालायची. आम्ही कापडी टोप्या वाटल्याही होत्या. कोणी त्यात भाकरी बांधून आणू लागली, कोणी घरी नातवाला दिली. मी सीझनभर घसा फोडून ओरडलो. टोपी घालत होती एकच बाई, साबेराबी. पन्नाशीची, कमी बोलणारी, वेणी गुंडाळून टोपीत कोंबणारी. आणि बावीसजणींत मेंदीचे केस होते तेही एकट्या तिचेच.

शेठजींनाही ते ठाऊक होतं. "ती मेंदीवाली बाई ना? उद्यापासून नको."

"शेठजी, टोपी घालणारी ती एकटीच आहे."

"मग केस गाठीत उडून गेले का? संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर ती बंद."

मी पिशवी खिशात घालून निघालो. खरं सांगायचं तर मला साबेराबीची काळजी होती, पण त्याहून जास्त नवल वाटत होतं. डोकं झाकणारीचा केस जातो आणि एकवीस उघड्या डोक्यांचा जात नाही, हे गणित काही केल्या बसेना.

तिला कापसाच्या ढिगाजवळून बाजूला बोलावलं आणि काय झालं ते सांगितलं. वेणी सोडून दाखवा म्हणायची मला लाज वाटत होती. तिनेच टोपी काढली आणि वेणी पुढे घेतली. कमरेपर्यंत होती.

"पाहून घ्या सायेब. माह्ये असतील तर मी चालली जातो."

मग तिने पिशवी उन्हात धरली, केसांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी परत दिली.

मी विचारलं, "साबेराबी, एक सांगा. दुसरी कोणी घालत नाही. मीही आता तपासत नाही. मग तुम्ही काऊन घालता रोज?"

तिला प्रश्नच कळला नाही बहुतेक. "तुमीच तं सांगतलं होतं पहिल्या दिवशी. मी हाव म्हनलं होतं ना."

एवढंच म्हणून ती टोपी घालून ढिगावर जाऊन बसली.

मी ऑफिसात येऊन भिंग काढलं. रुईचा धागा पाहायला आम्ही ते वापरतो. तिन्ही केस पट्टीवर ठेवले. तिन्ही दोन बोटांएवढे, आणि तिन्हींनाही मूळ होतं, मुळाशी थोडे पांढरे. लांब केस जिनमध्ये तुटला तर मूळ एकाच तुकड्याला राहणार. म्हणजे हे अख्खे केस होते. आखूड केसांच्या माणसाचे. बाईचे नव्हेतच.

मला भलताच हुरूप आला. आता पुरुष शोधायचे. जिनवरचे दोघे काळ्या केसांचे. प्रेसवरचे दोघे डोक्याला दुपट्टा बांधून. हमाल आत येतच नाहीत. मी प्रेसपाशी गेलो. रुई तिथे पेटीत पडते आणि दाबली जाते, त्यामुळे तिथे पडलेला केस थेट गाठीत जाणार. सवयीने वाकून मूठभर रुई उचलली, धागा ओढून पाहिला. कोण असेल, कोण असेल असा विचार करत डोक्यावरून हात फिरवला.

हात तिथेच थांबला.

आमच्या सौ. दर महिन्याला माझ्या पिकलेल्या केसांना मेंदी थापतात. मी दिवसातून दहा वेळा त्या पेटीवर वाकतो. आणि माझी टोपी पँटच्या मागच्या खिशात घडी घालून असते, गिरणीचा कोणी साहेब आला की डोक्यावर चढवायला.

लाज वाटली, दुसरा शब्द नाही. गप्प बसलो असतो तर कोणाला कळलंही नसतं, पण साबेराबीचं काम गेलं असतं.

शेठजींना सांगितलं. ते आधी हसले, मग कपाळाला हात लावला. "आता गिरणीला काय कळवू? सुपरवायझरचे केस निघाले?"

"तेच कळवा. आणि सुपरवायझर आता टोपी घालतो, हेही कळवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला मी टोपी घालून गेलो. पिशवी वर धरून सगळ्या बायांना सांगितलं, हे केस माझे आहेत. आळ साबेराबीवर येत होता, चूक माझी होती. कमलबाई, आमच्याकडची सगळ्यात तिखट बाई, म्हणाली, "म्हंजे सायेब, सीझनभर आमाले बोलून राह्यले ते तुमचं तुमालेच होतं काय?" मग जो हशा पिकला तो थांबेचना.

मी साबेराबीला गाठून विचारलं, "तुम्ही काल उन्हात पाहिलं तेव्हाच ओळखलं होतं ना?"

"हाव."

"मग बोलल्या काऊन नाही? तुमचं काम जात होतं."

"तुमी पाहूनच राह्यले होते ना सायेब. सापडलंच असतं तुमाले." मग ढिगाकडे पाहून, "जाऊ का मी? गाडी रिकामी होऊन राह्यली."

त्या दिवशी सात टोप्या दिसल्या. आठवड्यात अठरा झाल्या. मी एकदाही ओरडलो नाही. गिरणीला गेलेला पुढचा ट्रक परत आला नाही.

महिन्याभराने शेठजी प्रेसकडे निघाले तर दारात कमलबाई आडवी. स्वतःच्या अंबाड्यावर टोपी, हातात दुसरी.

"शेठजी, टोपी."

शेठजींच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. त्यांनी टकलावरून हात फिरवून दाखवला. कमलबाई हलली नाही. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी माझी टोपी जरा नीट केली.

त्यांनी मुकाट्याने घातली.