दोधू सोनाराचे मापाचे दोरे

शहाद्याच्या दोधू सोनाराला माणसाचं तोंड आठवत नसे, पण गळा एकदा पाहिला की जन्मात विसरत नसे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत बायांचे गळे सुजत, गळ्यातली चांदीची हासळी दाटे, आणि ती वाढवून घ्यायला त्या दोधूकडे येत. दर खेपेला तो गळ्याला दोरा लावून माप घेई आणि महिना-साल लिहिलेली चिठ्ठी बांधून दोरा जपून ठेवी. एका बाईची एक जुडी. बायको म्हणे, घरात दाण्याला जागा नाही आणि ह्यांचा दोऱ्यांचा संसार!

१९३४ साली दवाखान्यातून बोलावणं आलं. एका बाईच्या गळ्यात रुतलेली हासळी कापायची होती. दोधूनं ती कापली, पण गडी गप्प बसणारा नव्हे.

"डाक्टरसाहेब, समदासले हाईच दुखनं का?"

डॉक्टर म्हणाले, बहुतेक गलगंडच. तो वर्षानुवर्षं हळू वाढतो, माणूस जगतो. एखादीची गाठ मात्र टणक, चार महिन्यांत फुगते, आवाज बसतो. तो कर्करोग. पण कधीपासून वाढली हे कुणालाच सांगता येत नाही.

"मन्हाकडे दोरा शेतस," दोधू म्हणाला.

एकतीस जुड्या टेबलावर आल्या. अठ्ठावीस जणींचे गळे वर्षाला जेमतेम जवभर वाढलेले. तिघींचे चार महिन्यांत दोन बोटं. त्यातल्या भिकुबाई आणि मंगलाबाई वारल्याची नोंद डॉक्टरांच्या वहीत होती. दोधूचं तोंड उतरलं. त्या दुसऱ्या सोनाराकडे गेल्या असं धरून तो दोन वर्षं त्यांच्यावर रुसून बसला होता.

तिसरी जुडी जसोदाबाईची. बाजारच्या दिवशी ती नवऱ्याला, चुनीलालला घेऊन दुकानात आलीच. हासळी पुन्हा दाटली होती.

"हाई काम मन्हाकथून व्हवाव नही," दोधू म्हणाला. "पहिले दवाखानामा चाला, काकी."

चुनीलाल भडकला. "गावमा समदासना गळा सुजेल शेतस! तू सोनार शे का डाक्टर?"

दोधूनं जसोदाबाईची जुडी पुढे केली. जसोदाबाईनं शेवटचे दोन दोरे शेजारी शेजारी धरून पाहिले.

"चार महिनामा इतलं?" तिचा आवाज पार बसलेला होता. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही आठे बसा. मी दखाडी येस."

दोरे मुठीत धरून ती पायरी उतरली आणि दवाखान्याकडे निघाली. दोधूला तिच्याकडे बघवेना. मागल्या खेपेला माप घेताना, ती सुखानं भरलीय असं समजून तोच हसून म्हणाला होता, "काकी, आंग धरं तुम्हनं."