बॉडीच्या स्क्रूचा लाल धागा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या मामांचे आहेत. आर्वीला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या गावची शाळा सातवीला संपायची. पुढे मामांनी मला स्वतःच्या घरी ठेवून शिकवलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. आज वर्ध्यात शिक्षक आहे, नालवाडीत राहतो आणि सुटीच्या दिवशी गिटार वाजवतो.

मामांनी दुकान रिकामं केलं तेव्हा त्यांचा स्वतःचा जुना रेडिओ मला दिला. स्पीकर फाटलेला, सुई अडकलेली. म्हणाले, "हा आता काई बोलत नाई. पण याच्यातले दोन ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे हायेत. असा माल आता भेटत नाई. फेकू नोको, कायच्यात तरी वाजव."

"वाजवतो, मामा," मी म्हटलं.

त्या ट्रान्झिस्टरपासून मी फझ पेडल बनवायचं ठरवलं. फझ म्हणजे गिटारचा साधा सूर जाड, खरखरीत करणारी, पायाने दाबायची डबी. रेडिओ उघडला तर बॉडीच्या, म्हणजे लोखंडी पत्र्याच्या, स्क्रूला लाल धागा बांधलेला. दसऱ्याला मामा हत्यारांची पूजा करत. धागा पूजेचाच असणार म्हणून मी तो सोडवून बायकोकडे दिला. तिने देवघरात ठेवला. मग इंटरनेटवरचं जोडणीचं एक चित्र समोर ठेवून ॲल्युमिनियमच्या डब्यात सगळं जोडलं. बॅटरीची काळी तार, म्हणजे मायनस, बॉडीला. चित्रात तसंच होतं.

डबी बंद असली की गिटार नीट वाजे. पायाने दाबली की सूर गायब, नुसती सुस्स.

मी सोल्डरिंगचे डाग पुन्हा दिले, बटण बदललं, तारा हलवून पाहिल्या. प्रत्येक वेळी तीच सुस्स. ट्रान्झिस्टर जळले असतील, ही भीती मी बोलून दाखवत नव्हतो. तसे दुसरे आणणार कुठून, आणि मामांना सांगणार काय?

बायको चहा घेऊन आली. "मामाचा रेडिओ तं गेलाच, आता तुमचा डबा बी मुका," ती म्हणाली. "सगळ्याच रेडिओइले धागा बांधत होते का मामा?"

"नाही. काहींनाच."

"काऊन? दसरा काय निवडून राह्यला का?"

मी चहा तसाच ठेवला. दुकानाची मांडणी डोळ्यांसमोर आणली. वरच्या फळीवरच्या बऱ्याच जुन्या सेटना धागा असे, खालच्या नव्यांना नसे. आणि धागा नेहमी बॉडीच्या स्क्रूलाच. पूजेचा असता तर हँडलला, बटणाला, कुठेही बांधला असता.

उरलेल्या रेडिओच्या सांगाड्यात बॅटरीच्या तारेचा माग काढला. बॉडीला प्लस जोडलेला होता! मामांच्या हाताखालून शेकडो सेट जात. पुढच्या वेळी उघडताना चूक नको म्हणून त्यांनी ही खूण ठेवली होती: धागा असेल तिथे बॉडीला प्लस. मी वापरलेलं चित्र आजच्या ट्रान्झिस्टरसाठी होतं. या जुन्यांना बॅटरी बरोबर उलटी लागते.

पण इतके दिवस उलटी बॅटरी खाऊन ते जिवंत होते का? सोडवताना आच लागू नये म्हणून, मामा धरायचे तसं, ट्रान्झिस्टरचा प्रत्येक पाय चिमट्यात धरला. मीटर लावलं. पहिला चांगला. दुसऱ्याला काटा हललाच नाही. नंतर दिसलं, मीटरची पिनच सैल होती. नीट बसवल्यावर तोही चांगला निघाला. एक कपॅसिटर मात्र फुगला होता. तो नवा आणला, बाकीचे कपॅसिटर फिरवून लावले, प्लस बॉडीला दिला आणि डबी दाबली.

सूर असा फाटून आला की बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "बाई, हे तं गिरणीच सुरू झाली!"

मामांना आता फोनवर ऐकू येत नाही. म्हणून पत्र लिहिलं:

"मामा,
तुमचा रेडिओ बोलला. दोन्ही ट्रान्झिस्टर चांगले आहेत. मी आधी बॅटरी उलटी दिली होती, कारण तुमचा धागा मला पूजेचा वाटला. तो देवघरातून काढून आता गिटारच्या डबीच्या स्क्रूला बांधला आहे. माझ्याकडच्या गिटारच्या इतर डब्यांच्या बॉडीला मायनस असतो, म्हणून सगळ्यांच्या एकत्र अडॅप्टरवर ही लावत नाही. हिला हिची वेगळी बॅटरी दिली आहे.

पेरण्या झाल्या की मामींना घेऊन या. मी घ्यायला येतो, एसटीची दगदग नको. ऐकू कमी आलं तरी चालेल. दुकानात तुम्ही स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवून सेट तपासायचे, तसाच ठेवा. मी वाजवतो."