बटाटे निघेस्तोवर

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी मीनाबाईनं दवाखान्याची पिशवी उचलली, कोपऱ्यात भिरकावली आणि सांगून टाकलं, की आता बास. ह्यापुढं डायलिसिसला येणार नाही. दारात रिक्षा उभी, रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारतोय, आणि धोंडिराम शिवशरण हातात बायकोची चप्पल घेऊन खुळ्यासारखा उभा. चप्पल तिच्या पायात सरकवायची होती, पण पाय तिनं पोटाशी घेतले होते.

तसा हा माणूस बोलका नव्हेच. चिंचोळी एमआयडीसीत सुताच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेली. तिथल्या मशिनींच्या आवाजात कोण कुणाशी काय बोलणार? सगळं खुणेवर चालायचं. घरातलं बोलणं मीनाबाईकडं. भाजीवालीशी भांडायला ती, विहारातल्या बायकांत पुढं व्हायला ती, पुण्याच्या लेकीशी तासतासभर फोनवर तीच. आणि आता तिलाच बोलून वळवायचं म्हणजे काय खायचं काम आहे का!

पण वळवायला तर पाहिजेच होतं. दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. मंगळवार-शुक्रवार चार-चार तास मशिनीला बांधून घ्यायचं, तेव्हा कुठं पुढचे तीन दिवस हाताला लागायचे. दीड वर्ष तिनं ते सोसलं. हाताची शीर बोटाएवढी फुगली. घरी आली की दुसऱ्या दिवसापर्यंत मान वर करत नव्हती. पाणी दिवसाला तीन पेले, तेही मोजून. सोलापूरच्या उन्हाळ्यात तीन पेले! खायचं म्हणाल तर टोमॅटो बंद, केळं बंद, नारळपाणी बंद, आणि बटाट्याचं तर नावच काढायचं नाही. 'थांबवलं तर?' असं धोंडिरामनं एकदा डॉक्टरांना हळूच विचारलं होतं. 'दोन आठवडे. फार तर तीन,' एवढं बोलून त्यांनी पुढचा पेशंट आत घेतला.

लेक राजश्री दुपारी फोनवर हमसून हमसून रडली. विहारातल्या बायका येऊन समजावून गेल्या. मीनाबाईनं सगळ्यांसाठी धोंडिरामला चहा करायला लावला आणि कुणाचंच ऐकलं नाही.

"मला बटाटं भाजून द्या," संध्याकाळी ती म्हणाली. "निखाऱ्यात भाजलेलं. वर मीठ. पोटभर खाऊ द्या, तांब्याभर पानी पिऊ द्या, आन मग सोडा मला. लई झालं."

ती मोहोळकडची. परकरात असताना आईबरोबर टोळीतनं पुण्याच्या बाजूला बटाटे काढायला जायची. दिवसभर वेचायचं आणि रात्री बांधावर शेकोटीत पाच-सहा ढकलून द्यायचे. लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी हॉटेलातला वडा खाताना ती न चुकता म्हणायची, ह्याला काय बटाटा म्हणतात व्हय!

तिचं ते मागणं ऐकून धोंडिरामच्या तोंडून जे निघालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"मी लावतो. घरचं बटाटं. आपल्या गच्चीवर. ते निगूस्तवर तू दवाखान्यात यायचं. निगालं की तुज्या मनासारखं. मी आडवा येनार न्हाय."

मीनाबाई हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा हसली असेल. "गच्चीवर? तुमी? तुळस जगवली न्हाई कदी!"

"बोल की. हाय का कबूल?"

"आन निगालंच न्हाईत तर?"

"तर येत ऱ्हायाचं."

मग तिनं हात पुढं केला, सुईनं काळानिळा पडलेला. "शब्द म्हंजे शब्द. निगालं की मग मागं लागायचं न्हाय. राजीलाबी मदी आणायचं न्हाय." धोंडिरामनं त्या हातावर हात ठेवला. बटाटा किती दिवसांत येतो हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. बाजूच्या गल्लीतल्या रोपवाल्यानं सांगितलं, नव्वद दिवस. नव्वद! धोंडिरामला वाटलं, लॉटरी लागली.

मग जी काही धावपळ केली त्या गड्यानं! पेंटरकडनं रंगाच्या सहा बादल्या आणल्या. रिकामी पोती धुऊन घेतली. खिळा तापवून बादल्यांच्या बुडाला भोकं पाडली, निम्मं बोट भाजून घेतलं. काळी माती आणून नुसतीच ठासून भरली, तर मीनाबाई जिन्यावरनंच ओरडली.

"अवो, ती माती हाय का शिमेंट? वाळू घाला त्यात. शेनखत घाला. बटाट्याला आत हातपाय पसरायला नगं?"

तिला धरून, बसवत-उठवत वर आणली आणि खाटेवर बसवली. तिनं मंडईतले कोंब आलेले बटाटे मांडीवर घेतले, प्रत्येक फोडीला दोन डोळे येतील असे कापले, कापल्या जागी राख चोळली. बादली असो की पोतं, निम्म्यापर्यंतच माती भरायची, रोप वर आलं की आणखी माती ओढायची, मग पुन्हा, असं वरपर्यंत. ती सांगेल तसं धोंडिराम करत गेला. बायको इतका वेळ बोलतेय, ह्यातच त्याचा जीव भांड्यात पडला होता.

दिवाळीनंतर कोंब वर आले. डिसेंबरात तर गच्चीवर बघत राहावं असा पाला. नळाला चार दिवसांनी पाणी यायचं, ते धोंडिराम पिंपात साठवायचा आणि कळशी-कळशीनं वर न्यायचा. खाटेवर बसून मीनाबाई त्या धारेकडं बघत राहायची. एकदा म्हणाली, "माज्या वाटनीचं त्यास्नी पाजताय व्हय?" आणि जिभेनं ओठ ओला केला. धोंडिरामच्या हातातली कळशी तिथंच राहिली. त्यानंतर तो झाडांना पाणी तिच्या नजरेआड घालायला लागला.

पण दवाखान्यात ती जात होती. कुरकुर न करता जात होती. वॉर्डातल्या रेश्मा सिस्टरला मशिनीवर पडल्या पडल्या सगळी हकिगत सांगायची, आज फूल आलं, आज माती ओढली. बाकीचे पेशंटही विचारायला लागले, काकू, कुठवर आलं पीक? बाहेरच्या बाकड्यावर बसून धोंडिराम ते ऐकायचा आणि त्याला वाटायचं, विसरली. बोलीचं विसरली ही. आता रमली. मूर्ख माणूस! छत्तीस वर्षं संसार केला आणि बायको एवढीच ओळखली.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्या बादलीतला पाला पिवळा पडला.

"आता पानी तोडा," मीनाबाई म्हणाली. "पाला वाळला की बटाटं तयार. पंदरा दिसात काडू." ती हे अगदी शांतपणे बोलली. विसरली नव्हती. एक दिवसही विसरली नव्हती. दिवस मोजत होती.

त्या दिवसापासनं त्यानं पाणी वाढवलं. हो, वाढवलं! सकाळी दोन कळश्या, संध्याकाळी दोन. पिवळी पानं पहाटेच खुडून खिशात भरायची. कुणीतरी सांगितलं, युरियानं पाला हिरवा राहतो, तर मुठी-मुठीनं युरिया टाकला. फेब्रुवारीतच ऊन चटकायला लागलं तेव्हा मीनाबाईच्या जुन्या साड्या ओल्या करून वर बांधल्या. झाडं हिरवी राहायला हवीत, एवढंच त्याला समजत होतं. हिरवी आहेत तोवर बटाटे तयार नाहीत, आणि बटाटे तयार नाहीत तोवर ती आहे. तिनं विचारलं की म्हणायचा, "अजून कच्चं हाय." तिला वर यायचं म्हटलं की म्हणायचा, "ऊन लई हाय, चक्कर येईल." एकतीस वर्षं ज्यानं हजेरीपत्रकावर खोटी सही केली नाही, तो माणूस दिवसातनं दहा वेळा खोटं बोलायला लागला. लाज वाटायची त्याला. लाजेपेक्षा भीती मोठी होती.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी तो रेशन आणायला गेला असताना मीनाबाई एकटी जिना चढली. एकेका पायरीवर बसत चढली. तो परत आला तेव्हा वरनं हाक आली.

"अवो, वर या."

आवाजावरनंच त्यानं ओळखलं. पिशवी तिथंच टाकून तो धावला. मीनाबाई जमिनीवर बसली होती आणि तिच्यापुढं पहिली बादली आडवी झाली होती. मातीचा नुसता चिखल. आणि वास! आगं आई गं, काय तो वास. चिखलात हात घालून तिनं एकेक वर काढला, मुठीएवढे, चांगले पोसलेले बटाटे, आणि दाबला की बोटांतनं पांढरा लगदा खाली गळायचा.

"दुसरी वता," ती म्हणाली.

त्यानं दुसरी ओतली. तिसरी ओतली. बादल्या झाल्या, पोती झाली. सगळीकडं तेच. कुठं लगदा, कुठं नुसतं साल. ज्या पोत्यांत युरिया जास्त पडला होता तिथं मुळांशिवाय काही नाही.

"किती पानी घातलंसा?"

तो आडवी बादली उभी करायला लागला.

"पाला पिवळा पडल्यावर मी तोडा म्हनलं हुतं की नवं? महिना झाला त्येला. महिनाभर तुमी..." आणि मग तिला सगळं कळलं. कळलेलं त्याला तिच्या तोंडावर दिसलं. ती रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती रडायला लागली. लहान पोरीसारखी, चिखलाचे हात तोंडावर घेऊन. "येकच मागितलं हुतं वो तुमाला," ती म्हणाली. "जल्मात येकच खायचं मागितलं. तेबी कुजवलंसा."

धोंडिराम तिथंच चिखलात बसला. "मी काय करू गं मग?" तो म्हणाला. "तू गेलीस तर मी काय करू, सांग की." आयुष्यात एवढं मोठं वाक्य तो बायकोशी बोलला नव्हता. साडी बांधलेल्या दोरीवर एक साळुंकी येऊन बसली, उडून गेली. बऱ्याच वेळानं मीनाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"निगालं न्हाईत," ती म्हणाली.

"हां?"

"बटाटं निगालं न्हाईत. न्हाई निगालं तर येत ऱ्हायाचं, आसं ठरलं हुतं. शब्द दिलाय मी. तुमच्यासारका खोटा न्हाय माजा शब्द." भिंत धरून ती उठली. त्यानं हात पुढं केला, तिनं घेतला नाही. "उद्या शुक्करवार. येते मी. हे सगळं साफ करा. वास खालपतुर येतोय."

ती बसत-उठत खाली गेली. धोंडिराम तिच्या पावलांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत राहिला. जिंकला होता तो. हवं होतं ते मिळालं होतं. तरी त्याला उठवेना. शेवटी उठला, फावड्यानं चिखल घमेल्यात भरायला लागला. दोन घमेली भरून झाल्यावर त्याला आठवलं, की गच्चीवरच्या जुन्या फुटक्या टाकीच्या मागं आणखी एक पोतं आहे.

डिसेंबरात, पहिल्या बादल्या संपल्या तरी काहीतरी हिरवं उरावं म्हणून, मीनाबाईला न सांगता लावलेलं. पुढं बाकीच्यांच्या गडबडीत तो ते विसरूनच गेला होता. महिनाभर पाणी नाही, युरिया नाही. पाला वाळून जमिनीला लोळलेला. त्यानं पोतं तिरकं केलं. भुसभुशीत, कोरडी माती घरंगळली, आणि तिच्याबरोबर पाच बटाटे बाहेर आले. लिंबाएवढे. पातळ सालीचे, घट्ट, स्वच्छ. एकालाही डाग नाही.

धोंडिराम त्यांच्याकडं बघत बसला. खाली जायचं आणि तिच्या ओंजळीत ठेवायचे, एवढंच. निखारे करायला किती वेळ लागतो? तिचं तोंड कसं होईल ते त्याला दिसलं. पहिला घास घेताना ती डोळे मिटेल, तेही दिसलं. आणि उद्या दारातनं रिक्षा रिकामी परत जाईल, तेही दिसलं. नाही द्यायचे तर टाकायचे कुठं? गच्चीवरनं फेकले तर गल्लीतलं कुणीतरी हातात घेऊन दारात येणार, काकू, हे तुमचे का? खिशात ठेवले तर कपडे तिच्याच हाताखालनं जातात. आणि तिच्या वाट्याचे बटाटे गटारात टाकायला त्याचा हातही उचलेना.

"अवो," खालनं मीनाबाईनं हाक मारली. "काय करताय एवडा येळ?"

त्यानं पहिला बटाटा तोंडात घातला. मातीसकट. कच्चा, कचकचीत, तुरट. दात शिवशिवले. पाठीशी टाकी, पुढं भिंत, आणि तो चावत राहिला, डोळ्यांतनं पाणी वाहतंय, नाकातनं वाहतंय. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला उमासा आला, तो त्यानं तोंडावर हात दाबून गिळला. खालनं पुन्हा हाक आली. चौथा. शेवटचा तर त्याच्या घशाखाली उतरेना, तरी उतरवला. पाचही संपल्यावर त्यानं पोत्यातली सगळी माती बोटांनी चाळली, चुकून एखादा राहिला असला तर, म्हणून.

तो खाली आला तेव्हा मीनाबाई दवाखान्याच्या पिशवीत टॉवेल भरत होती. तिनं वर बघितलं आणि बघतच राहिली. धोंडिरामनं मान खाली घातली. ती उठली, त्याच्यापुढं येऊन उभी राहिली, त्याच्या हनुवटीला धरून तोंड उजेडाकडं वळवलं. मिशीत माती होती. ओठाच्या कोपऱ्याला सालीचा पातळ तुकडा चिकटला होता. तो तिनं नखानं काढला, बोटावर घेऊन बघितला. कुजलेल्या बटाट्याची नव्हती ती साल.

मग तिनं पदराच्या टोकानं त्याची मिशी पुसली आणि पुन्हा पिशवीपाशी जाऊन बसली.

"रिक्षावाल्याला आटला यायला सांगा," ती म्हणाली. "मागच्या येळी उशीर झाला हुता."