डॉक्टरीणबाई रुजू झाल्या आहेत

सरकारी पत्रव्यवहारातला सर्वांत निर्लज्ज शब्द कोणता, असे मला कोणी विचारले तर मी 'रुजू' हा शब्द सांगेन. माणूस रुजू झाला म्हणजे हजेरीपुस्तकात त्याचे नाव चढले, त्याचा पगार सुरू झाला आणि त्याची जागा रिकामी आहे अशी तक्रार करण्याचा जनतेचा अधिकार संपला. तो माणूस खुर्चीवर बसलेला आहे की नाही, याविषयी हा शब्द एक अक्षरही बोलत नाही. हे ज्ञान मला उशिरा झाले. त्याची किंमत माझ्या बहिणीने मोजली, म्हणून हे लिहितो आहे. तिचे यजमान आणि सासू आता हयात नाहीत. तिला विचारूनच लिहिले आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचे दुसरे वर्ष असेल. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या कोर्टात, नकला करण्याच्या टेबलावर कारकून होतो. निकालपत्रांच्या हुबेहूब प्रती काढायच्या, खाली 'खरी नक्कल' असे लिहून सही करायची, हे माझे काम. दिवसभर असे काम करणाऱ्या माणसाची कागदावर श्रद्धा बसते. माझी तर जरा जास्तच बसली होती. फावल्या वेळात मी अर्ज लिहीत असे: बंद पडलेल्या हातपंपाविषयी, न येणाऱ्या शिक्षकांविषयी, आणि सगळ्यांत चिकाटीने, आमच्या सरकारी दवाखान्यातल्या महिला डॉक्टरच्या रिकाम्या पदाविषयी.

धाकटी बहीण सोनपेठकडच्या एका गावात दिलेली होती. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, या रिवाजाप्रमाणे सातव्या महिन्यात तिला दाजींनी आणून सोडले. वडील नव्हते. म्हणजे बाळंतपण कुठे करायचे हा निर्णय माझा होता. दाजी शेतकरी माणूस, सातवीपर्यंत शिकलेला, माझ्या अर्जांचा त्यांना फार आदर. तरी निघताना चपला घालता घालता ते बोललेच.

"भाऊ, परभणीत एका बाईंचं खाजगी हॉस्पिटल हाय म्हणतेत. आमच्या गावच्या दोघीजणी तिथंच मोकळ्या झाल्या. तिकडं दाखवलं तर?"

मी म्हणालो, "दाजी, सरकारी दवाखाना हा कोणाचा उपकार नाही. तो आपला हक्क आहे. आपणच तिथे गेलो नाही तर तो सुधारणार कसा?"

"हक्क हाय, ते खरंच. पन बाळंतपणाला बाई हाय का तिथं?"

हा प्रश्न रास्त होता. मी रीतसर लेखी विचारणा केली. या खेपेस, आश्चर्य म्हणजे, तीन आठवड्यांत उत्तर आले. जावक क्रमांक होता, गोल शिक्का होता, सही होती. मजकूर एका वाक्याचा: आपल्या अर्जाच्या संदर्भात कळविण्यात येते की, महिला वैद्यकीय अधिकारी सदर ठिकाणी रुजू झाल्या आहेत. मी ते पत्र घरी नेऊन मोठ्याने वाचले. इतक्या वर्षांत माझ्या लेखणीला मिळालेला तो पहिला विजय होता.

बहीण गहू निवडत बसली होती. ती म्हणाली, "दादा, तू बघून आलास का त्या बाईला?"

"पत्र आलंय की."

"पत्र आलंय ते दिसायलंय. बाई कशी हाय? म्हातारी हाय का तरणी? हात कसा हाय तिचा?"

माय चुलीपुढून म्हणाली, "त्याला काय विचारतीस बाई. उद्या ह्याला नवरी दाखवली तर तिचं बी पत्रच मागंल ह्यो."

दोघी पुष्कळ हसल्या. मीही हसलो. दवाखाना माझ्या कोर्टापासून चालत पाच मिनिटांच्या वाटेवर होता. दुपारच्या सुट्टीत मी रोज त्याच रस्त्याने चहाला जात असे. मी आत गेलो नाही. ज्या गोष्टीची लेखी पोच हातात आहे ती डोळ्यांनी पडताळणे मला संशयखोरपणाचे वाटले असावे. दुसरे काही कारण मला आजही सापडत नाही. दाजींना मी पत्राची खरी नक्कल पाठवली आणि परभणीचा विषय संपवला.

पहाटेपासून कळा सुरू झाल्या आणि दवाखाना उघडताच आम्ही तिला घेऊन गेलो. नर्सबाईंनी तिला खाटेवर निजवले. मी विचारले, डॉक्टरीणबाई कधी येतील?

"कोणत्या डॉक्टरीणबाई?"

"रुजू झाल्या त्या."

"रुजू झाल्या, सही केली आन् दुपारच्या गाडीनं रजेवर गेल्या. दोन महिने होत आले. मला तर त्यांचं तोंड बी ध्यानात न्हाई."

पुरुष डॉक्टर शस्त्रक्रियेच्या शिबिरासाठी दूरच्या गावी गेले होते आणि दवाखान्याची जीपही त्यांच्याबरोबर होती. नर्सबाई एकट्या, पण कामाला चोख. दहाच्या सुमारास त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"मूल आडवं हाय. हे माज्या हातचं न्हाई. परभणीला न्या."

मी खिशातून पत्र काढले. का काढले, ते मला सांगता येणार नाही. ते दाखवले असते तर मूल सरळ झाले असते काय? नर्सबाईंनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "ते ठिवा खिशात, दादा. आन् गाडी बघा. उशीर करू नका."

गाडी म्हणजे एस.टी. मायने आणि मी तिला धरून स्टँडवर नेले. कंडक्टरने एकदा तिच्याकडे पाहिले आणि मागचे लांब बाक रिकामे करवून घेतले. मग दारात उभा राहून म्हणाला, "गाडी आता थेट परभणीला जायलीय. मधी कुठंच बेल वाजणार न्हाई. ज्याला मधी उतरायचं हाय त्यानं आत्ताच उतरावं."

काहीजण उतरले. एक म्हातारा उतरेना. "माझं तिकीट मधल्या गावचं हाय. पैसे मोजून काढलंय. गाडी थांबलीच पाह्यजे."

कायद्याने त्याचे म्हणणे बरोबर होते. एरवी मी त्याला अर्ज लिहून दिला असता. मागून एक बाई ओरडली, "आज्या, तू काय आभाळातून पडलास व्हय रे? तुज्या मायला बी असंच झालं व्हतं. गप बस, परभणी बघून ये!" गाडीत हशा पिकला. म्हातारा पुटपुटत बसला आणि थोड्या वेळाने त्यानेच आपले धोतराचे गाठोडे बहिणीच्या उशाला दिले.

बायकांनी लुगड्याचा आडोसा धरला होता. त्याच्या अलीकडे मी उभा होतो, दांडीला धरून. रस्ता दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचा, अजून न दाबलेला. प्रत्येक धक्क्याला आडोशाआडून जो आवाज येई तो सुरुवातीला माझ्या बहिणीचा होता. पुढे पुढे तो तिचा वाटेना. त्या दीड तासात मी काय केले, असा प्रश्न मला पुष्कळदा पडतो. मी काही केले नाही. करण्यासारखे काही नव्हतेच. मी मैलाचे दगड पाहत होतो.

परभणीत टांगा करून आधी खाजगी हॉस्पिटलात गेलो. दाजींनी सांगितलेल्या त्या बाई स्वतः टांग्यापाशी आल्या, चादर वर करून पाहिले आणि हात धुवायलाही न जाता म्हणाल्या, "बाळाचा हात बाहेर आलाय. हिला भूल लागेल, रक्त लागेल. माझ्याकडे दोन्हीची सोय नाही. मी साधी बाळंतपणं करते. सिव्हिलला न्या, मी चिठ्ठी देते."

चिठ्ठी लिहिताना त्यांनी विचारले, "याआधी कोणाला दाखवलं होतं?"

"कोणाला नाही."

"महिन्यापूर्वी दाखवलं असतं तर मूल आडवं आहे हे तेव्हाच..." एवढे बोलून त्यांनी वाक्य सोडून दिले आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली.

ते वाक्य मी पूर्ण करू शकतो. दाजींचे ऐकले असते तर त्या बाईंनी तिला वेळेवर सिव्हिललाच पाठवले असते, आणि तिथे तिची सुखरूप सुटका झाली असती. कारण सिव्हिलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यातच, चप्पल घातलेल्या, दाढी वाढलेल्या एका डॉक्टरने कोणताही कागद न मागता तिला पाच मिनिटांत आत नेले. माझ्या दंडातून रक्त घेतले. सरकारी दवाखान्यावरचा माझा विश्वास खोटा नव्हता, हे तिथे सिद्ध झाले. त्या सिद्धतेचे मी काय करायचे होते?

ऊन उतरायच्या आत डॉक्टर बाहेर आले. "मूल आधीच गेलेलं होतं. पिशवी फाटली होती, काढून टाकावी लागली. बाई वाचेल." आणि मग, मी समजलो नाही असे वाटून, "यापुढे मूल होणार नाही," असे जोडून ते दुसऱ्या खाटेकडे गेले.

तिसऱ्या दिवशी तिला नीट बोलता येऊ लागले. मुलगी होती, हे मायने सांगितले. उरलेले मी सांगितले. तिने पहिले विचारले ते हे:

"ह्यांना सांगितलंस का?"

दाजी त्या दिवशी संध्याकाळी यायचे होते. मी नाही म्हणालो.

"सांगू नको. मूल गेलं तेवढंच सांग. माय, तू बी."

"अगं, ते तुझे यजमान आहेत. असं दडवणं बरोबर नाही. आणि समजा त्यांनी दुसरं लग्न काढलंच, तर कायद्याने..."

"दादा," ती म्हणाली, "तुझा कायदा माझ्यासंगं नांदायला येणार हाय का?"

मी सांगितले नाही. दाजी आले, पायाशी बसले, तिच्या तळव्यावरून हात फिरवत रडले. दवाखान्याचे कार्ड इंग्रजीत होते. ते मी माझ्याकडे ठेवून घेतले.

मग मी तक्रार लिहायला बसलो. तसा मसुदा मी पूर्वी कधी लिहिला नव्हता आणि नंतरही लिहिला नाही. प्रत्येक विधानाला पुरावा होता. परंतु तक्रार म्हटली की चौकशी आली, चौकशीत सिव्हिलचे कागद मागवले जाणार, दाजींचा जबाब होणार, आणि जे मी दडवले ते तालुक्याचा शिपाई सोनपेठच्या बाजारात सांगणार. मी आधी पिशवीचा परिच्छेद काढला. मग मुलीचा काढला. मग बहिणीलाच काढून टाकले. उरले ते एवढेच, की सदर अधिकारी रुजू होऊनही हजर नसतात. त्यावर उत्तर आले: तक्रारीत कोणतीही विशिष्ट घटना नमूद नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते! त्यांना दाखवायला माझ्याकडे घटना नव्हती.

दोन वर्षांनी दाजींचे पत्र आले. घरात पाळणा हलत नाही, आई बोलते, तरी औरंगाबादला मोठ्या डॉक्टरांना दाखवावे असा विचार आहे. तिथे सरकारी बरा की खाजगी, ते तुम्ही कळवावे, तुम्ही सांगाल तसे करू. कोणत्याही डॉक्टरने तिला तपासले असते तर पाच मिनिटांत सगळे उघड झाले असते. मी दोन रात्री विचार केला आणि लिहिले. खाजगीतले डॉक्टर गरज नसता चिरफाड करतात, सरकारीत नावे असतात पण माणसे नसतात. तूर्त कुठेही नेऊ नये, काळावर सोडावे. ज्याने जन्मभर लोकांना सरकारी दवाखान्याच्या पायऱ्या हक्काने चढायला सांगितले, त्याने हे पत्र लिहिले. भाषा निर्दोष होती.

त्यानंतर एका नात्यातल्या लग्नात बहीण भेटली. मांडवामागे पाण्याच्या पिंपापाशी आम्ही दोघेच उभे होतो. मी विचारले, कसे चालले आहे.

"चाललंय. महिन्याचे चार दिस बाजूला बसते मी, कॅलेंडर बघून. सासूला काई संशय न्हाई." हे तिने भाजीचा भाव सांगावा तसे सांगितले. मग म्हणाली, "तुझं पत्र ह्यांनी पेटीत जपून ठिवलंय. कुणी दवाखान्याचं नाव काढलं की वाचून दाखवतेत. कोर्टातल्या माणसाचं लिवणं हाय म्हणतेत."

"कोणाला वाचून दाखवतात?"

"गल्लीतल्यांना. मागल्या महिन्यात शेजारची सून अडली. तिच्या सासऱ्याला बी दाखवलं. न्हाई नेलं तिला त्यांनी. घरीच सुईणीनं सोडवलं दोन दिसांनी. वाचली ती."

मी म्हणालो, मी आजच दुसरे पत्र लिहितो. पहिले चूक होते असे स्पष्ट कळवतो.

"लिही," ती म्हणाली. "मग ते मला बी नेतील."

मांडवातून तिला हाक आली. तिने पदर सारखा केला, पिंपातून तांब्या भरून घेतला आणि ती पंगतीत पाणी वाढायला गेली. दुसरे पत्र मी लिहिले नाही. पहिले त्या गल्लीत किती वर्षे वाचले गेले आणि कोणाकोणाच्या दारात वाचले गेले, हे विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाही.