हे बायकांना म्हणाले, मला नाही

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण हा गाढवपणा मी भर सभेत केलाय. तोही औरंगाबादेत, निजामाच्या राज्यात, जिथं बाईमाणूस टांग्यात बसलं तरी टांग्याला पडदा लागायचा!

आमचे हे हैदराबादेहून बी.ए. होऊन आलेले. जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, सुट्टी आली की ह्यांचे चार मित्र आमच्या गुलमंडीच्या घरी जमायचे. सगळे शिकलेले, सगळ्यांच्या अंगात कोट आणि तोंडात एकच विषय: स्त्रियांची उन्नती! ती उन्नती संपेपर्यंत मी आत भज्यांचे घाण्यावर घाणे काढत बसायचे.

माझी एकच इच्छा होती. मी सातवी पास. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला बाई हवी होती आणि ती बाई मला व्हायचं होतं. ह्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, "बघू."

आता आमच्या घरची रीत ऐका, नाहीतर माझा गाढवपणा कळायचा नाही. सासूबाईंसमोर नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही! ह्यांना पाणी हवं असलं की भिंतीकडं बघून म्हणायचे, "तहान लागली बुवा!" की मी तांब्या घेऊन हजर. "उद्या लवकर निघायचंय बुवा," की मी पहाटे चूल पेटवायचे. लग्न झाल्यापासून सगळे हुकूम मला भिंतीमार्फतच मिळालेले.

अन् मग ती सभा! वाचनालयात पुरुष खुर्च्यांवर आणि आम्ही बायका चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या, पडद्याआड. हे उठले आणि थेट आमच्या पडद्याकडं बघून गरजले, "हा पडदा बाजूला सारा! बाहेर या! शाळांमधून शिकवा! कुणाच्या परवानगीची वाट बघू नका!"

माझ्या अंगावर काटा आला. अहो, मला वाटलं, शेजारी सासूबाई बसल्यात म्हणून हे असं मलाच सांगतायत! घरी भिंत, इथं पडदा. फरक काय?

मी उठले. पडदा सारला. सरळ पुरुषांमधून चालत ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "बरं. उद्यापासून जाते शाळेत."

मागून कुणीतरी विचारलं, "ये किसकी घरवाली है रे?" इतका वेळ 'वाहवा, वाहवा' करणारे चारी कोट आपापल्या बुटांकडं बघायला लागले. ह्यांनी टेबलावरचा तांब्या तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवलाच नाही.

तेवढ्यात पडद्याआडून शाळेच्या मोठ्या आपांचा, म्हणजे हेडबाईंचा, आवाज आला, "शाबाश बेटी! कल से आ जाव. हमकू मराठी पढ़ानेवाली होनाच था!" अध्यक्ष म्हातारे. त्यांना वाटलं, भाषण संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

घरी आल्यावर हे पहिल्यांदा सासूबाईंसमोर माझ्याशी बोलले. "अगं, मी बायकांना म्हणालो!"

"मग मी कोण?"

"तू... तू घरची!"

ह्यांचा वकील मित्र समजूत घालायला आला. "वहिनी, तत्त्व वेगळं, संसार वेगळा. सुधारणा घरोघरी झालीच पाहिजे हो, पण..." पण काय, ते त्याला सांगता येईना. एवढा शिकलेला माणूस!

शेवटी निकाल सासूबाईंनी लावला. "चार लोकांत तूच बोल्लास न? मंग जाऊ दे तिला. आता नाय म्हनलास तर गाव हसंल."

गेले मी शाळेत. रिटायर होईपर्यंत शिकवलं.

पुढं कितीतरी वर्षांनी ह्यांचा सत्कार झाला. समाजसुधारक म्हणून! वकीलसाहेब डोळे पुसत म्हणाले, "यांनी स्वतःच्या पत्नीला हात धरून पडद्याबाहेर आणलं." हात धरून? हात तांब्यात गुंतले होते हो! आणि हे शाल सावरत, मान खाली घालून विनयानं हसतायत.

असा संताप आला म्हणता! म्हटलं, आज सगळं बाहेर काढते. नशीब बघा, 'दोन शब्द बोला' म्हणून मलाच बोलावलं. पदर खोचून माईकसमोर उभी राहिले, घसा साफ केला, ह्यांच्याकडं डोळे वटारून पाहिलं आणि माझ्या ह्या तोंडातून काय बाहेर पडावं?

"मी जी काही आहे, ती यांच्यामुळंच!"