स्क्रू कुठाय?

नवी वस्तू घरात आल्यावर तिला हळदकुंकू लावायच्या आधी तिचं मागचं झाकण काढणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकच आहे आणि तो आमच्या डोक्यावर, म्हणजे चौथ्या मजल्यावर राहतो. चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला तीस वर्षं काढून काका निवृत्त झाले. खिशातला स्क्रूड्रायव्हर काही निवृत्त झाला नाही. मिक्सर, गिझर, जावयाने दिलेलं घड्याळ, कुणाची म्हणून सुटका झाली नाही. एकदा सोसायटीच्या लिफ्टचं बटण अडकलं, तर कंपनीचा माणूस यायच्या आत काकांनी सगळं पॅनेल खोलून फरशीवर मांडलं होतं. लिफ्ट सुरू झाली, पण तेव्हापासून तिसऱ्याचं बटण दाबलं की ती चौथ्यावर जाते. काकांच्या मते हा मूळचाच दोष आहे.

अशा माणसावर टॅब घ्यायची वेळ आली. काकूंना अलीकडे विसर पडू लागला होता. जर्मनीतल्या मुलीचा नुसता आवाज ऐकून त्या "कोण बोलतंय?" विचारत, चेहरा मोठा दिसला की मात्र लगेच ओळखत. चिंचवडच्या दुकानात मी सोबत होतो. तिथल्या मुलीने एक गुळगुळीत टॅब पुढे केला. "काका, यात काही बिघडतच नाही. सगळं कंपनी सांभाळते."

काकांनी तो उलटा केला. "स्क्रू कुठाय?"

"स्क्रू नसतो."

"ॲप तरी आपल्या मर्जीनं टाकता येतं?"

"कंपनीच्या स्टोअरमधलंच."

"म्हंजी घर माझं आन वॉचमन कंपनीचा."

काकूंना सोपा पडेल तो घ्या, असं मी हळूच सुचवलं. "राव, ज्यात आपला हात जात न्हाई ती वस्तू आपली न्हाई," म्हणत त्यांनी दुसरा, हवं ते आत टाकू देणारा मोकळा टॅब घेतला.

मग पंधरा दिवस त्या टॅबची रोज सुधारणा झाली. फोनचं बटण सोमवारी डावीकडे, मंगळवारी हिरवं, बुधवारी नव्याच ॲपमध्ये. रविवारी चारला मुलीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. काकू पडद्यावर बोट फिरवत राहिल्या. फोन वाजून वाजून थांबला. त्या काकांकडे वळून म्हणाल्या, "आवं, काल हितं होती की ती. आज कुठं गेली?"

मला तिथं बसवेना.

पुढच्या रविवारी पडद्यावर मुलीच्या फोटोखेरीज काहीच नव्हतं. बोट लावलं की फोन. बाकी सगळं पासवर्डच्या कुलपात. मेंटेनन्सवाले मशीनवर काम करताना मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालून लाल पाटी अडकवतात. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. कारखान्यातली ती जुनी पाटी काकांनी टॅबला बांधली होती: 'माणूस कामावर आहे. हात लावू नये.'

"पासवर्ड तुमच्याकडेच ना?" मी विचारलं.

"पोरीनं तिकडनंच घातला. मला सांगू नको म्हणलं. माझा हात ऱ्हात न्हाई."

तीस वर्षांत या माणसाने आपल्या कुलपाची चावी कुणाच्या हाती दिली नव्हती.

लिफ्ट अजून मला चौथ्यावरच सोडते. पूर्वी मी चिडायचो. आता रविवारी चार वाजता त्यांच्या दाराशी मिनिटभर थांबतो. आत काकू मुलीशी बोलत असतात. मधेच तिचं नाव आठवेनासं होतं. मग शेजारून काका हळूच सांगतात.